पिवळ्या चोचीची उमेदवारी

(नाशिकमध्ये पक्षिप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गंगापूर धरणाच्या काठाला किंवा त्र्यंबकच्या रस्त्याला सातभाईंचा कलकलाट ऐकला नाही असं इथे कुणी नसेल. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो पक्षी वागायला सातभाईंसारखा, पण कुळानं कावळ्याचा. आपल्या टकाचोराचा भाऊबंद. त्याचं नाव ब्राऊन जे. मेक्सिकोपासून पश्चिम पनामापर्यंतच्या उष्ण प्रदेशात तो राहतो. लांबी साधारण ४० सेंटिमीटर, त्यात शेपूटच बरीच. वरून गडद तपकिरी, पोटाकडे फिकट. दिसायला साधाच. ओरडायला मात्र असा की रानात माणूस शिरला की सगळ्या रानाला कळतं. त्याच्या छातीत हवेची एक पिशवी असते. ओरडताना तिच्यातून उचकी लागल्यासारखा आवाज येतो.

त्याचं घरटं एका जोडप्याचं नसतं, सगळ्या थव्याचं असतं. मादी अंड्यांवर बसली की थव्यातले इतर पक्षी तिला आणून भरवतात. पिल्लं निघाली की त्यांनाही भरवतात. ही गोष्ट जगासमोर नीट मांडली अलेक्झांडर स्कच यांनी. हा माणूस मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ, मध्य अमेरिकेत गेला तो केळीच्या अभ्यासासाठी आणि गुंतला पक्ष्यांत. १९३५ साली त्यांनी घरट्यावरच्या मदतनिसांबद्दल निबंध लिहिला, त्यात हा पक्षी होता. पुढे १९४१ पासून ते कोस्टारिकातल्या आपल्या शेतावरच राहिले आणि २००४ मध्ये, शंभरी अगदी तोंडावर आली असताना गेले. तासन् तास एका घरट्यासमोर बसून कोण आलं, काय घेऊन आलं, कुणाच्या तोंडात घातलं एवढंच टिपत राहायचं. पक्षीनिरीक्षणातली ही चिकाटी मला सगळ्यात मोलाची वाटते.

आता चोचीकडे या. लहान ब्राऊन जेची चोच पिवळीधमक असते. डोळ्याभोवतीचं कडं पिवळं, पायही पिवळे. हे सगळं काळं व्हायला काही वर्षं लागतात, आणि होताना ठिपक्याठिपक्यांनी होतं. कुणाची वरची चोच आधी काळवंडते, कुणाची खालची. त्यामुळे अभ्यासकाला दुर्बिणीतून वय ताडता येतं आणि पक्षी वेगवेगळे ओळखताही येतात.

कोस्टारिकातल्या मॉन्तेवेर्दे इथे मार्सी लॉटन आणि कार्लोस गिंडन यांनी याचाच उपयोग केला. त्यांचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. थव्यात थोर किती, पोरं किती आणि पिल्लं वाढवण्यात त्यांना यश किती, हे त्यांनी ताडून पाहिलं. पिवळ्या चोचीचे मदतनीस भरवायला येतात, पण त्यांचा हात बसलेला नसतो. भरवणं हेही शिकावं लागतं. म्हणून मला त्या पिवळ्या चोचीत कारखान्यात उमेदवारी करणारा पोरगा दिसतो. आधी दुसऱ्याच्या पिल्लांवर हात बसवायचा, मग स्वतःचं घरटं.

राहणीबद्दल एक सांगितलं पाहिजे. जंगलातला पक्षी म्हटलं तरी हा गच्च रानाच्या पोटात फारसा नसतो. रानाची कड, कुरणातली सुटी झाडं, कॉफीचे मळे, ही त्याची जागा. फळं, किडे, पाली, दुसऱ्यांची अंडी-पिल्लं, सगळं चालतं. जंगल तोडून कुरणं झाली तसा तो पसरत गेला. तेव्हा तो भरपूर दिसला म्हणजे जंगल सुखरूप आहे, असं कुणी मानू नये. पेठ-सुरगाण्याकडे हिंडणाऱ्यांनीही पक्ष्यांच्या गर्दीवरून जंगलाची तब्येत ठरवताना हे ध्यानात ठेवावं.

हे पाहायला कोस्टारिकाला जायला हवंच असं नाही. आपल्या रानसातभाईच्या घरट्यावरही मदतनीस असतात, आणि त्याच्या अंगावरही वयाची खूण असते, ती डोळ्यात. कोवळ्या पक्ष्याची बुबुळं गडद, थोराची फिकट, सायीच्या रंगाची. तुमच्या बागेत घरटं सापडलं तर लांबून, दुर्बिणीतून, प्रत्येक फेरीला भरवणाऱ्याचा डोळा कोणता ते वहीत मांडा. पिल्लू भरवणाऱ्यांपेक्षा वेगळंच दिसलं तर तेही लिहा, कारण पावशा आणि चातक सातभाईंच्याच घरट्यात अंडी घालतात. घरट्याचा फोटो आणि ठिकाण मात्र कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.