तुटलेल्या पंख्यावरचा आकडा

हा माझ्या हातातला बोटीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, बघा. तीन पाती, त्यातल्या एकाचं टोक खडकावर आपटून दुमडलंय. आता मधल्या नळकांड्यावर बोट फिरवा, रंगाखाली कोरलेले आकडे लागतील: १३ × १९. आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनाचा, पंखा तुटला की बहुतेक जण हे आकडे चिठ्ठीवर उतरवून घेतात आणि दुकानात तसाच दुसरा मागतात. माझं भांडण नेमकं तिथे आहे. तुटलेला पंखा त्या बोटीला योग्य होता, हे ठरवलं कोणी?

१८३७ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यावर पंख्याच्या जागी लाकडी स्क्रू लावलेली होडी चालवून बघत होता. दोन वेढ्यांचा तो स्क्रू आपटून अर्धा तुटला, आणि होडी आधीपेक्षा जोरात पळाली! तुमचं नशीब एवढं चांगलं असेलच असं नाही, म्हणून आकडे वाचायला शिकू.

पहिला आकडा व्यास, इंचांत. दुसरा पिच. स्क्रू लाकडात एका फेऱ्यात ठरावीक अंतर आत जातो, तसा हा पंखा पाण्यात एका फेऱ्यात १९ इंच पुढे जायला हवा. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे, ते निसटतं. समजा इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेतंय आणि गिअरमधून पंख्यापर्यंत त्याचे निम्मे, २७५० पोचतायत. गुणिले १९ इंच, म्हणजे ताशी जवळपास ८० किलोमीटर. जीपीएसवर मात्र ६८ दिसतात. मधले पंधरा टक्के म्हणजे स्लिप. पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीला एवढी स्लिप असायचीच, त्यावरून पंख्याला नावं ठेवू नका.

खरी परीक्षा टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर होते. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने किती आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठायला हवेत, ते इंजिनाच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. समजा ५००० ते ६०००. बोटीत रोजची माणसं, रोजचं सामान घ्या, मोकळ्या पाण्यात ट्रिम (इंजिनाचा तिरकेपणा) नीट जमवा, पूर्ण थ्रॉटल द्या आणि काटा बघा. तो या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात हवा. ४६०० वरच अडला तर पिच जास्त आहे. चढावर गाडी टॉप गिअरमध्येच रेटावी, तसं चाललंय. काजळी धरते, पिस्टन-बेअरिंगवर ताण येतो, आणि बोट पळतेय म्हणून मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. उलट काटा ६००० च्या पुढे जायला लागला, जास्तीचे फेरे अडवणारा रेव्ह लिमिटर झटके द्यायला लागला, तर पिच कमी.

एक इंच पिच बदलला की दीडशे ते दोनशे आरपीएमचा फरक पडतो. ४६०० वरून ५५०० ला यायचंय? मग पाच इंच उतरा, १९ च्या जागी १४. वरचा वेग कमी होईल ही भीती इथे बिनबुडाची असते. दमलेलं इंजिन मोकळं झालं की वेग कधीकधी वाढतोसुद्धा.

मी स्वतः एकदा रिकाम्या बोटीत एकट्याने चाचणी घेऊन पंखा निवडला. काटा झकास ५७०० वर. पुढच्या खेपेला पाच जण बसले आणि बोट नाक वर करून नांगरासारखी पाणी उकरत राहिली. ओझं नेहमी जड असेल तर चार पात्यांचा विचार करा: पकड चांगली, कमी वेगातही बोट वर टिकते, वरचा वेग थोडा जातो. तीनवरून चारवर जाताना पिच साधारण एक इंच उतरवावा लागतो.

आता अडचण अशी, की दुमडलेल्या पात्यावर घेतलेली ही चाचणी खोटी. बुडाला शेवाळ-कालवं चिकटली असतील तरी खोटी. म्हणजे पंखा धड असतानाच आकडा टिपून ठेवायला हवा, आणि तेव्हा कोणाला सुचत नाही!

अॅल्युमिनियम की स्टील? स्टीलचं पातं पातळ आणि ताठ, वेगाला चांगलं. खडकाळ, उथळ पाण्यात मी अॅल्युमिनियमच घेईन. ते वाकतं, पण धक्का बराचसा स्वतः खातं.

इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही, असं झालं तर लगेच नवा पंखा आणू नका. आतल्या हबचं, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाचं, रबर सुटलेलं असू शकतं. हबच्या आतल्या नळीपासून बाहेरच्या नळकांड्यापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले, तर पाती निर्दोष आहेत, हब बदला.

पंखा काढताना गिअर न्यूट्रल, इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी काढलेली. शाफ्टवरच्या खाचा मोजून नव्याशी जुळवा, फिरण्याची दिशाही बघा. थ्रस्ट वॉशर (पंख्यामागची चकती) बाहेर काढला की त्याच्या मागे डोकावा. तिथे मासेमारीचा नायलॉन दोरा गुंडाळलेला सापडला, तर गिअर ऑइल तपासा. ते पाणी शिरून दुधाळ झालं असेल तर शाफ्टभोवतीचं सील गेलंय. नवा पंखा खोक्यातच राहू द्या, आधी सील बदलून घ्या.