दारातून दिसतो तेवढा टीव्ही

(ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या महिला मंडळात झालेलं हे भाषण. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘चोखंदळ प्रेक्षक’ असं छापलंय. ज्यांनी छापलं त्यांनी मला टीव्ही बघताना पाहिलेलं नाही. मी पोळीभाजीचे डबे करते. रोज संध्याकाळी १८ डबे, डब्याला चार पोळ्या, म्हणजे ७२ पोळ्या, घरच्या वेगळ्या. टीव्ही बाहेरच्या खोलीत. ओट्याशी उभं राहिलं की दाराच्या चौकटीतून त्याचा डावा अर्धा भाग दिसतो, उजवा फ्रिजच्या आड जातो. एका मालिकेतली नणंद मला वर्षभर दिसलीच नव्हती. दिग्दर्शक तिला कायम उजवीकडे उभी करायचा. नुसता आवाज यायचा, आणि मी समजत होते की बाई पन्नाशीची असेल. एकदा लाइट गेले म्हणून डबे लवकर उरकले, लाइट आल्यावर बाहेर जाऊन बसले, तर ती पंचविशीची पोरगी!

तेव्हा आज मी जे काही सांगणार आहे ते कानाने टीव्ही बघणाऱ्या बाईचं आहे. डोळ्यांनी बघणाऱ्यांनी मला दुरुस्त करावं.

आता पहिली गोष्ट, जी माझ्या मुलाला पटत नाही. तो मोबाइलवर परदेशातल्या मालिका बघतो, आठ भागांत सगळं संपतं. तो मला म्हणतो, “आई, तुमच्या मालिकेत एकच गोष्ट तीनदा सांगतात गं.” बरोबर आहे, सांगतात. सासू दारात आली की सून म्हणते, “आई, तुम्ही? इथे? आणि यावेळी?” आता समोर उभी असलेली बाई आई आहे, ती इथे आहे आणि वेळ काय झालीये, हे त्या सुनेला दिसतंच आहे. पण ती तिच्यासाठी बोलतच नाही. ती माझ्यासाठी बोलते. माझे हात कणकेत आहेत, कुकरची शिट्टी होतेय, मला दिसत नाहीये कोण आलं ते. ती मला सांगते. रेडिओवरच्या श्रुतिकांमध्ये हेच असायचं, दार वाजायचं आणि कोणीतरी म्हणायचं, “अरे, वसंता, ये ये.” आपली मालिका म्हणजे चित्रं लावलेली श्रुतिका आहे. लोक तिला सिनेमा समजून नावं ठेवतात.

बरं, धक्का बसला की तीनदा चेहरा फिरतो, तीनदा ढॅण वाजतं, त्यालाही लोक हसतात. मी त्याचं माप काढलंय. एक पोळी लाटून, तव्यावर टाकून, उलटून, फुगवून खाली काढायची, तेवढ्यात एका माणसाचा धक्का होतो. घरात सहा माणसं असतील आणि ‘हा मुलगा तुझा नाही’ असं कोणी म्हणालं, तर सगळ्यांचे चेहरे होईपर्यंत दीड डबा भरतो. मला त्याची तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे, तिच्याकडे येते.

विषय दिलाय ‘नव्या हंगामातल्या मालिका’. हंगाम आपल्याकडे आंब्याला असतो. मालिकेला हंगाम नसतो, तिला गुरुवार असतो. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि कोणाची वेळ बदलायची, कोणाला दुपारी ढकलायचं, कोणाला गुंडाळायचं ते ठरतं. ‘आई कुठे काय करते’ घ्या. डिसेंबर २०१९मध्ये सुरू झाली, संध्याकाळी घराघरांत अरुंधती असायची. नोव्हेंबर २०२४मध्ये संपली तेव्हा ती दुपारची मालिका झाली होती. संध्याकाळची बाई दुपारी गेली की ओळखावं, घरातलं तिचं वजन उतरलं. आपल्या घरातही तसंच असतं की. हे आकडे काढायला, कोण काय बघतं ते मोजणारं मीटर लावलेली घरं देशभरात सुमारे ५८ हजार, आणि टीव्ही असलेली घरं कोट्यवधी. माझ्याकडे मीटर नाही. कोणाच्या घरी आहे का इथे? ... नाही ना. मला आजवर एकही बाई भेटली नाही जिच्याकडे ते आहे. भुतासारखं आहे, ऐकलंय सगळ्यांनी, पाहिलं कोणी नाही.

तर अलीकडच्या नव्या म्हणाव्यात अशा दोन मालिका घेते, कारण त्याच माझ्या पोळ्यांच्या वेळेत बसतात.

एक ‘लक्ष्मी निवास’. डिसेंबर २०२४मध्ये सुरू झाली, तासभराची. हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी. मूळ कन्नड. नवरा-बायकोने आयुष्यभर संसार केला, पोरांचं केलं, आता स्वतःचं घर व्हावं एवढीच इच्छा. मी पहिल्या आठवड्यात खूश होते. घर हा आपल्या ठाणे-कळव्याकडच्या माणसाचा खरा विषय आहे. आमच्या मजल्यावर चार कुटुंबं आहेत, चौघांच्याही जेवणात रोज मिठाइतकं घर असतं. पागडी, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, बिल्डरने दिलेली तारीख. मला वाटलं, आता हे ऐकायला मिळणार. पण मालिका हळूहळू पोरींच्या लग्नाकडे वळली, आणि त्यातला जयंत आला.

जयंत हा बायकोवर पाळत ठेवणारा, तिला कोणाकडे बघू न देणारा नवरा. आता ऐका, मला कानाने काय झालं. त्याचा आवाज इतका मऊ! बायकोला ‘जानू’ म्हणतो. मी ओट्यापाशी म्हणत होते, बघा, असा नवरा पाहिजे. पाच-सहा दिवसांनी तो डाव्या अर्ध्यात आला आणि मी त्याचे डोळे पाहिले. हातातलं लाटणं तसंच राहिलं. हे काम मला आवडलं. खलनायक म्हणजे दात-ओठ खाऊन बोलणारा असं आपल्याकडे ठरलेलं. हा मात्र साखरेत बोलतो. माझ्या डब्यांच्या गिऱ्हाइकांत एक मुलगी होती, तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा दर तासाला फोन करायचा, ‘जेवलीस का, काय जेवलीस, कोणाबरोबर जेवलीस’. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, किती काळजी. पुढे तिने ते लग्न मोडलं. तेव्हा नाही कळलं का मोडलं, आता कळतं. पण घराचं काय झालं? मालिकेच्या नावात घर आहे आणि आठ-आठ दिवस घराचा शब्द निघत नाही. ही माझी या मालिकेपुरती तक्रार. घर बांधायला काढलं आणि पाया खणून झाल्यावर सगळे लग्नाला निघून गेले!

दुसरी ‘वीण दोघातली ही तुटेना’. ११ ऑगस्ट २०२५ला सुरू झाली. सुबोध भावे आणि तेजश्री प्रधान. धाकट्या भावंडांच्या पायी स्वतःचं लग्न मागे पडलेली दोन मोठी माणसं. पहिल्या दिवशी मी आवाज ऐकला आणि म्हटलं, ही तर जान्हवी! २०१३ला ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये हीच सहा सासवांच्या घरात सून म्हणून आली होती. तेव्हा माझे डबे सहा होते, लक्षात राहायला सोपं, सासूला एक डबा. तिचा आवाज तोच आहे, पण आता ती वाक्याच्या आधी थांबते. तेव्हा थांबत नव्हती. वय बोलण्याच्या आधीच्या जागेत दिसतं. प्रोमोमध्ये हे नाही कळत, ओट्याशी कळतं.

आणि ती भावंडांसाठी थांबलेली बाई! अशा बाया आपल्या प्रत्येकीच्या नात्यात आहेत. लग्नाच्या पंगतीत त्या वाढायला असतात, फोटोत कडेला असतात. तिला मधोमध आणून बसवली, बरं वाटलं. आता तिला कट-कारस्थानात किती महिने अडकवतात ते बघायचं. म्हणजे, ऐकायचं.

आता सुरुवातीला म्हटलं ती वेगळी तक्रार. भाषा. हल्ली पुष्कळ मालिका दुसरीकडून येतात. त्याला माझी हरकत नाही. ‘आई कुठे काय करते’ बंगालीतून आली, ‘ठरलं तर मग’ तमिळमधून. आपण इडली खातोच की. पण इडलीबरोबर चटणी इथल्या नारळाची असावी. या मालिकांमध्ये मराठी माणसं जे मराठी बोलतात, ते ऐकून कधीकधी पोळी हातातून सुटते. “माझी मदत कर.” अगं, ‘मला मदत कर’. “मला तुझ्यावर गर्व आहे.” गर्व रावणाला होता बाई, आईला लेकीचा अभिमान असतो. “मी तिथे गेलेली.” तू गेलेली म्हणजे काय, निवर्तलेली? तुम्ही हसताय, पण माझी आठ वर्षांची नात हे घरी बोलते. तिला मी सांगते, तर म्हणते, “टीव्हीत म्हणतात.” संपलं. टीव्हीपुढे आजीचं काय चालणार.

उलट आठवा ‘रात्रीस खेळ चाले’. माझं माहेर कुडाळकडचं. २०१६ला ती मालिका लागली तेव्हा आमच्याकडे पोळ्या उशिरा व्हायच्या. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रीकरण. पुढच्या पर्वात अण्णा नाईक, म्हणजे माधव अभ्यंकर, बोलायला लागले, आणि माझे थोरले काका जिवंत झाल्यासारखं वाटलं. माणूस वाईट, पण बोलणं आमच्या पडवीतलं. लोक गाड्या करून तो वाडा बघायला जायचे. वाडा काय, कोकणात पन्नास आहेत. लोक खरं तर तो आवाज जिथून आला ती जागा बघायला जात होते, असं माझं मत आहे. भाषा जागेवरची असली की जागा सापडते. आताच्या नव्या मालिकांतली घरं कुठल्या गावात आहेत, ते ऐकून सांगता येत नाही. सगळी एकाच गुळगुळीत गावात राहतात.

त्या घरांमध्येही मी एकदा जाऊन आले. माझा भाचा लाइटच्या कामाला आहे, त्याने घोडबंदर रोडच्या बाजूला एका सेटवर नेलं. पहिल्यांदा वर बघितलं, तर घराला छतच नाही, वर सगळे दिवे टांगलेले. जिना चढून गेलं तर वर काही नाही, एक फळी आणि त्यावर झोपलेला एक सेटिंगदादा. मी साहजिकच स्वयंपाकघर बघायला गेले. ओटा माझ्या सगळ्या घराएवढा. तेलाचा एक डाग नाही. डबे सारखे, लेबलं सारखी, आणि उघडून बघितले तर रिकामे. एका ताटात सकाळी आणलेल्या पोळ्या होत्या, वातड झालेल्या. त्यातली एक अर्धी तोडलेली. मी ती सवयीने उचलून बाजूला ठेवायला गेले तर एक पोरगी ओरडत आली, “काकू, हात नका लावू, कंटिन्युइटी आहे!” कालच्या सीनमध्ये नायकाने तेवढीच तोडली होती, आज तो तिथूनच पुढे खाणार होता. एका पोळीचा इतका हिशोब! आणि ती लाटली कोणी, हे मालिकेत कधी दिसत नाही. सून पदर खोचून ओट्याशी उभी असते, पण तिच्या हाताला कणीक लागलेली मी बघितली नाही. नव्या मालिका बनवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, तिच्या बोटांना जरा कणीक लावा. आणि डब्यात थोडी डाळ तरी भरा.

एक शेवटचं सांगते, मग तुमचे प्रश्न घेऊ.

‘ठरलं तर मग’ डिसेंबर २०२२पासून चालू आहे, ती तुम्ही सगळ्या बघता, त्यामुळे गोष्ट सांगत नाही. त्यातल्या पूर्णा आजी म्हणजे ज्योती चांदेकर. त्यांचा आवाज मला घरातला वाटायचा. बाहेरून हाक आली की कधीकधी मी ‘ओ’ द्यायची. ऑगस्ट २०२५मध्ये त्या गेल्या. काही दिवस आजी मालिकेत नव्हत्या. मला रोज वाटायचं, आता काय करतील? फोटोला हार घालतील? की परगावी पाठवतील? मालिकेत माणूस परगावी गेला की आपण समजतो.

मग एके संध्याकाळी, मी साधारण पन्नासाव्या पोळीवर असेन, बाहेरून कोणीतरी म्हटलं, पूर्णा आजी आल्या. आणि आवाज आला. तो त्यांचा नव्हता. पण ओळखीचा होता. मी लाटणं घेऊन तशीच उभी. हा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकलाय, याच ओट्याशी, माझी सासूबाई तेव्हा बाहेर पाटावर बसून ऐकायची. ‘चार दिवस सासूचे’! २००१ला सुरू झालेली, तीन हजारांवर भाग चाललेली. त्यातली आशालता देशमुख, म्हणजे रोहिणी हट्टंगडी. एक आजी गेली आणि तिच्या जागी माझ्या सासूबाईंच्या वेळची सासू येऊन बसली होती.

तव्यावरची पोळी करपली. त्या दिवशी ७१च भरल्या, एका डब्यात तीन गेल्या. दुसऱ्या दिवशी तो मुलगा रिकामा डबा परत द्यायला आला आणि बिचकत म्हणाला, “काकू, काल एक पोळी कमी होती.”

मी म्हटलं, “हो रे, आजी बदलली.”

तो म्हणाला, “कोणाची?”