पाणी आधी, बातमी मागून

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सोलापुरात पुरावर बोलायचं म्हणजे मला जरा अवघडल्यासारखं होतं. आपल्या जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर. महाबळेश्वरला २०२१ च्या जुलैमध्ये एकाच दिवसात, चोवीस तासांत, ५९४ मिलिमीटर पडला. आपलं अख्खं वर्ष तिथं एका दिवसात आटोपलं. तेव्हा "सर, आम्हाला टँकरबद्दल सांगा, पुराचं काय घेऊन बसलात," असं कुणाच्या मनात आलं असेल तर मी रागावणार नाही.

पण पूर आपल्याला अनोळखी नाही. फक्त आपल्या ओळखीचा पूर वेगळा आहे. उजनी भरते. वीर धरणातून सोडलेलं पाणी नीरेतून येतं आणि नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळतं. वर किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, सोडले त्याचे आकडे मोबाइलवर येऊ लागतात. पंढरपुरात भोंगा फिरतो, नदीच्या वाळवंटातली दुकानं वर येतात, मग पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागतं. बातमी आधी येते, पाणी मागून येतं. मधले जे तास मिळतात त्यात आपण ढोरं सोडतो, धान्य माळ्यावर टाकतो. नुकसान होतं, पण माणूस शक्यतो वाचतो.

डोंगरातल्या नदीकाठच्या गावाला हे मधले तासच मिळत नाहीत. तिथं पाणी आधी येतं. मला आज सांगायचंय ते या तासांबद्दल. ते कुठं जातात आणि कोण खातं.

सुरुवात ढगापासून करू. वळीव तुम्हाला मी काय सांगणार? एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं, अंगाला घामाची चिकचिक, तीन वाजेपर्यंत आभाळ कोरडं ठणठणीत. मग एका बाजूला कापसाचा ढीग रचल्यासारखा ढग वर चढायला लागतो. तापलेल्या जमिनीवरची ओली हवा हलकी होऊन वर जाते, वर गेली की गार होते, वाफेचं पाणी होतं. आता गंमत अशी की वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. ती त्याच हवेला आणखी वर ढकलते. ढगाचं इंजिन ढगातच असतं. बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर तो छताला टेकावा तसा अडतो आणि आडवा पसरतो. लोहाराच्या ऐरणीसारखा माथा दिसला की समजायचं, ढग वयात आला.

आत बर्फाचे बारीक स्फटिक वर जातात, मऊ गारा खाली येतात, दोघांची घासाघीस होते आणि विजेचे भार वेगळे होतात. त्यातून वीज. आपल्याकडे हिचे बळी जास्त करून शेतात जातात. घोंगडं पांघरून लिंबाखाली उभा राहिलेला मेंढपाळ आणि त्याला चिकटून उभी असलेली मेंढरं, हे चित्र सांगोला-मंगळवेढ्याकडं कुणी पाहिलं नाही? झाडावर पडलेली वीज मुळांतून जमिनीत पसरते. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्या दोन ठिकाणच्या विजेच्या दाबात फरक पडतो आणि प्रवाह थेट पोटातून जातो. म्हणून एका विजेत कळप जातो. चमकल्यावर मोजायला लागा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, ते जवळच्या विजेची सूचना देतं. त्याच संस्थेनं आपल्या सोलापूरच्या ढगांचाही अभ्यास केलाय. २०१७ ते २०१९ मध्ये इथं रडार आणि विमानं आणून, ढगांत बीजं टाकून पाऊस वाढतो का ते तपासलं. पाऊस न पडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या नशिबी ढगांची प्रयोगशाळा आली, यातला विनोद तुमच्या लक्षात आला असेल.

एकटा ढग तासाभरात रिता होतो. भीती असते ती तो हलत नाही तेव्हा, किंवा एक रिता झाला की त्याच जागी मागचा येतो तेव्हा. एकाच रुळावरून मालगाडीचे डबे जावेत तसे. डोंगर हे काम सोपं करतो. वारा उताराला आपटून वर चढतो, म्हणजे ढग तयार करण्याचा कारखाना एकाच जागी चालू राहतो. तासाला १०० मिलिमीटर आणि तेही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत, याला हवामान खातं ढगफुटी म्हणतं. आपण मात्र गटार तुंबलं तरी ढगफुटी म्हणतो. महापालिकेला ते सोयीचंच असतं म्हणा.

१०० मिलिमीटर म्हणजे किती? एक सोलापुरी चादर अंगणात अंथरा. तेवढ्या जागेवर तीनशेहून जास्त लिटर, दीड बॅरल पाणी. आता चादरीऐवजी दहा चौरस किलोमीटरचं डोंगराळ खोरं घ्या. त्यातलं निम्मं पाणी मुरलं असं धरा, जे कातळावर मुरत नाही. तरीही ओढ्याला तासभर पाच हजार क्युसेकच्या आसपास पाणी येतं. लक्षात घ्या, ज्यावरून आपण चप्पल हातात घेऊन उडी मारतो तो ओढा.

आणि उतार. सपाटीवरचं पाणी रेंगाळतं, बांधाला अडतं, विचार करत येतं. डोंगरावरचं पाणी विचार करत नाही. खोऱ्याच्या सगळ्या कडांवरून निघालेलं पाणी एकाच वेळी गावापाशी पोचतं. तास खाल्ले जातात ते इथं.

पुण्याचं उदाहरण घेऊ, कारण आपली निम्मी पोरं तिथं आहेत. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि शहरातून मुठेला मिळतो. लांबी दहा-एक किलोमीटर. पेशवाईत कात्रजला तलाव बांधून शहराला पाणी आणलं, पर्वतीपाशी या ओढ्याचा प्रवाहही वळवला, म्हणजे ओढ्याची दखल अडीचशे वर्षांपूर्वी घेतली गेली होती. नंतरच्या लोकांनी त्याचा नाला केला, नाल्याची भिंत केली, भिंतीला टेकून घरं केली. २५ सप्टेंबर २०१९ ला रात्री कात्रजच्या डोंगरावर गडगडाटी पाऊस झाला. तो काही पावसाळ्यातला संथ पाऊस नव्हता, उभ्या ढगाचा होता. रात्री दहा-अकराच्या सुमाराला ओढा घरांत शिरला. अरण्येश्वरपाशी भिंत पडून माणसं गेली. खेड-शिवापूरला दर्ग्यात झोपलेले लोक वाहून गेले. त्या एका रात्रीत पुणे आणि परिसरात वीसहून अधिक बळी गेले. त्याच रात्रीच्या पावसानं कऱ्हा फुगली, पण बारामतीत लोकांना आधी हलवता आलं. पाऊस तोच, रात्र तीच. बारामती खाली लांब होती, एवढाच फरक. लांब असल्यामुळं तिला तास मिळाले.

चिपळूणचं दुखणं आणखी गुंतागुंतीचं. मागं सह्याद्री, मधून वाशिष्ठी आणि शिवनदी, पुढं खाडी. कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणीही कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं. डोंगरातून लोंढा आला आणि खाडीला भरती असली की पाणी जायचं कुठं? २२ जुलै २०२१ ला पहाटे ते बाजारपेठेत शिरलं आणि पहिल्या मजल्याला टेकलं. पुढं नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांनी साखळी उपोषण केलं. गाळासाठी उपोषण! आपण इथं पाण्यासाठी करतो.

पूर ओसरल्यावर मी तिथं गेलो होतो. एका किराणा दुकानदारानं मला भिंतीवरची २००५ ची रेघ दाखवली. त्या वर्षी पाणी जिथवर आलं तिथं त्यानं रंगानं खूण केली होती, आणि हुशारीनं सगळ्या फळ्या त्या रेघेच्या वर हातभर ठोकल्या होत्या. २०२१ चं पाणी फळ्यांच्याही वर गेलं. तो म्हणाला, "साहेब, मी रेघेवर विश्वास ठेवला." मला उत्तर सुचलं नाही.

रेघांवरून आठवलं. आपल्याकडे नदीला निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. हे शब्द फार फसवे आहेत. "शंभर वर्षांचा पूर परवाच येऊन गेला, आता नातवंडांनी बघायचं," असं लोक खरंच म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की दरवर्षी शंभरात एक शक्यता. पाण्याला मागच्या वर्षीचं आठवत नाही. निळ्या रेषेवर घर घेऊन वीस वर्षांचं कर्ज काढलंत, तर हप्ते संपायच्या आत पाणी दारात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. बँकेच्या कागदांत हे कुठं लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आणि या रेषा मोठ्या नद्यांच्या. ओढ्यांना कोण विचारतो?

आता घरी येऊ. आपल्याकडे डोंगर नाहीत असं म्हणू नका. बार्शीच्या डोक्यावर बालाघाट आहे. येडशी-रामलिंगाकडं आभाळ फाटलं तर खाली वैरागच्या बाजूला ऊन असतानाही ओढा गढूळ होऊन येतो. आणि आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. पहिलं पाणी त्या पिऊन टाकतात, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वर मेणकापड अंथरल्यासारखं होतं. त्यानंतरचं पाणी मुरत नाही, पळतं. हस्त-चित्राच्या पावसात हेच होतं. १४ ऑक्टोबर २०२० आठवा. बंगालच्या उपसागरातून आलेलं वादळी क्षेत्र आंध्र-तेलंगण ओलांडून आपल्या डोक्यावर आलं. त्या दिवशी पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. नदीनं नाही, भिंतीनं मारलं. आणि गेल्या काही वर्षांत सीना नदीच्या पुरानं काय केलं ते माढा-मोहोळच्या माणसाला मी सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबरात लांबोटीपाशी पुण्याचा महामार्ग बंद पडला होता.

एक चिठ्ठी आली आहे. ताई विचारतात, आमच्या गावच्या फरशी पुलावरून शाळेची गाडी जाते, पाणी किती असलं तर जाऊ द्यावं?

ताई, पाणी किती आहे यापेक्षा ते किती जोरात आहे ते महत्त्वाचं. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. धावतं पाणी घोट्याच्या वर आलं की मोठा माणूस पडू शकतो, आणि दोन फुटांत बहुतेक मोटारी तरंगायला लागतात. चाक उचललं गेलं की ड्रायव्हर कितीही तयारीचा असो, स्टिअरिंग शोभेचं. त्यातून गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे काठावरून दिसत नाही. म्हणून उत्तर असं की पाणी फरशीवरून वाहत असेल तर गाडी जाऊ द्यायची नाही, कितीही कमी दिसलं तरी. ओढ्याचं पाणी जसं चटकन चढतं तसं दोन-तीन तासांत उतरतंही. मुलं तेवढा वेळ शाळेत बसू देत. वरच्या गावातल्या कुणाचा तरी नंबर मात्र ड्रायव्हरच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा, आणि तिकडं काळं आभाळ भरलं की त्यानं फोन करायचा, एवढं त्याच्याशी ठरवून घ्या. तुमच्याकडं ऊन असलं तरी.