मर्यादा किती, आणि फुंकायला कोण लावतं?

नमस्कार श्रोतेहो.

एखादा मोठा अपघात झाला, त्यात कुणी हकनाक गेलं, की मुंबईत एक मागणी हमखास पुढे येते. दारू पिऊन गाडी चालवण्याची जी कायदेशीर मर्यादा आहे ती आणखी खाली आणा, सरळ शून्यावर आणा. या मागणीमागचा संताप मला आतून कळतो. मी सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात विभागात डॉक्टर म्हणून रात्रपाळ्या केल्या आहेत, आणि शनिवारी मध्यरात्रीनंतर तिथे काय काय येतं ते पाहिलं आहे. तरीही आज मी तुम्हाला सांगणार आहे की नुसता आकडा खाली आणल्याने रस्ते सुरक्षित होत नाहीत. आकड्यामागे काय उभं आहे, त्यावर सगळं ठरतं.

आधी आपला आकडा पाहू. मोटार वाहन कायदा, 1988. त्याचं कलम 185 सांगतं की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर तो गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही मर्यादा बरीच कडक आहे. इंग्लंडमध्ये 80 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे आपल्या अडीचपटीहून जास्त. आपल्याकडच्या व्हिस्कीचा एक लार्ज, म्हणजे 60 मिलि, सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी झटपट घेतला तर तो तीसच्या वर जाऊ शकतो. साध्या बिअरची मोठी बाटली एकट्याने संपवली तर नक्कीच. तेव्हा ‘मी फक्त एकच घेतला’ हे वाक्य आपल्या कायद्यापुढे आजच टिकत नाही.

आता कार्टर रोड आठवा. 12 नोव्हेंबर 2006 ची पहाट. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर भरधाव मोटार चढली आणि सात जण गेले. चालकाच्या रक्तात 112 मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं, मर्यादेच्या जवळजवळ चौपट. त्या दिवशी कायद्यात तीसच्या जागी वीस लिहिलेलं असतं, दहा असतं, तर त्या मजुरांच्या वाट्याला वेगळं काही आलं असतं का? ज्याने तीसची पर्वा केली नाही, तो विसाची करणार नव्हता.

स्कॉटलंडने हा प्रयोग खरोखर करून पाहिला. डिसेंबर 2014 मध्ये त्यांनी मर्यादा 80 वरून 50 वर आणली. शेजारच्या इंग्लंड-वेल्समध्ये ती 80 च राहिली, त्यामुळे तुलना करायची सोय आपोआप झाली. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन्हीकडचे अपघात ताडून पाहिले. पबमधली दारूविक्री किंचित घटली होती, पण अपघात कमी झाले नव्हते. कायदा बदलला, पण रस्त्यावर तपासणी वाढली नाही, हे त्यामागचं एक कारण त्यांनी पुढे ठेवलं.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स. त्यांनी 1980 मध्ये मर्यादा 50 वर आणली. पण खरा फरक पडला तो दोन वर्षांनी, डिसेंबर 1982 मध्ये, जेव्हा पोलिसांनी रस्त्यात कुणालाही, संशय असो वा नसो, थांबवून श्वासचाचणीच्या यंत्रात फुंकायला लावणं सुरू केलं. एका वर्षात सुमारे दहा लाख चाचण्या झाल्या, म्हणजे दर तीन चालकांमागे एक. ज्याची झाली नाही त्याच्या भावाची झाली, साहेबाची झाली, शेजाऱ्याची झाली. जीवघेण्या अपघातांत ठळक घट झाली आणि ती टिकली. आज नाही तर उद्या आपण सापडणार, हे लोकांच्या मनात बसलं. शिक्षा किती मोठी, यापेक्षा पकडले जाण्याची खात्री माणसाला जास्त आवरते. ब्रिटनचंच पाहा. 1967 मध्ये तिथे श्वासचाचणी आली, सुरुवातीला बळी घटले. मग हळूहळू लोकांना कळलं की आपल्याला कुणी अडवत नाही, आणि पुढच्या काही वर्षांत तो परिणाम ओसरत गेला.

मर्यादा खाली आणणं अगदीच व्यर्थ, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या युटा राज्याने 2018 च्या अखेरीस 80 वरून 50 केलं. 2019 मध्ये तिथला जीवघेण्या अपघातांचा दर 2016 च्या तुलनेत सुमारे एक पंचमांशाने उतरला होता, देशाच्या इतर भागांतल्या घटीपेक्षा कितीतरी जास्त. पिणाऱ्यांपैकी पाचांतल्या एकाहून अधिक जणांनी सांगितलं की कायद्यामुळे आम्ही आमची सवय बदलली, परतीच्या गाडीची सोय आधीच करू लागलो. पण युटा जिथे पोहोचलं त्याच्याही खाली आपण आधीपासून आहोत. आपल्याकडे उतरायला उरलेली पायरी लहान आहे, आणि रस्त्यावरचं काम डोंगराएवढं.

मुंबई पोलिसांनी 2007 मध्ये मद्यपी चालकांविरुद्ध मोहीम उघडली, तिचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. शुक्रवार-शनिवारच्या रात्री बॅरिकेड, टॉर्च, खिडकीशी वाकून वास घेणारा हवालदार, मग नवी नळी लावलेलं यंत्र आणि ‘जोरात फुंका साहेब’, हे दृश्य या शहराने पुष्कळ पाहिलं. ‘आज मी गाडी आणली नाही’ हे वाक्य पार्ट्यांमध्ये ऐकू येऊ लागलं ते त्यानंतर, असं माझं मत आहे. पण नाकाबंदी ठरावीक झाली की तिचा धाक जातो. वांद्र्याला कुठे उभे असतात, वरळीला कुठे, हे पिणाऱ्यांना पाठ होतं, आणि मित्रांच्या ग्रुपवर मेसेज फिरतात. थर्टी फर्स्टला कडेकोट बंदोबस्त असतो. मंगळवारी दुपारी जेवणासोबत दोन बिअर घेऊन टेम्पो हाकणाऱ्याला कोण थांबवतं?

आता अपघात विभागात काय होतं ते सांगते. पोलीस चालकाला घेऊन येतात. आम्ही तोंडाचा वास, बुबुळं, बोलणं, चाल पाहून फॉर्म भरतो. मग रक्त. इथे एक बारीक गोष्ट असते. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसायची नाही, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल, आणि पुढे कोर्टात वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. रक्त सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत घ्यायचं, म्हणजे ते साठवणीत बिघडत नाही. बाटली सीलबंद करायची, त्यावर नाव, तारीख, वेळ घालायची, आणि ती कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाते. या साखळीतली एक कडी ढिली पडली की संपलं.

आणि घड्याळ थांबत नाही. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या वेगाने रक्तातलं अल्कोहोल संपवतं. रात्री एकला 90 असलेला माणूस सकाळी आठला तुमच्यासमोर शुद्धीवर, स्वच्छ बसलेला असू शकतो. जुलै 2024 मध्ये वरळीत पहाटे मासे घेऊन स्कूटरवरून परतणाऱ्या कोळी दांपत्याला मोटारीने उडवलं. बाई गेली, चालक पळाला आणि सापडला तिसऱ्या दिवशी. तो प्यायला होता की नव्हता, हे रक्तावरून ठरवण्याची वेळ तोवर निघून गेली होती. त्याच्या दोनच महिने आधी पुण्यात, कल्याणीनगरच्या अपघातानंतर, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. माझ्या पेशातल्या माणसांवर असा आरोप यावा, याची मला शरम वाटली आणि अजून वाटते. मर्यादा शून्य केली तरी या दोन्ही ठिकाणी तिने काय केलं असतं?

कागदावरचा कडकपणा आपल्याला नवा नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो, 1949 चा कायदा तसं सांगतो. परमिट रूममध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो, ते तुम्हीच आठवून पाहा. जो नियम कुणी तपासत नाही, तो पाळायची सवय कुणाला लागत नाही.

तासाला 15 हा हिशेब उलट्या बाजूनेही लावा. रात्री बारा वाजता ज्याच्या रक्तात 150 आहे, त्याच्या रक्तात सकाळी सातला 45 उरतं. झोप झाली, अंघोळ झाली, चहा झाला, तरी तो कायद्याने गुन्हेगारच. लिंबूपाणी, थंड पाणी, कडक कॉफी यांनी हा वेग वाढत नाही. आणि हीच वेळ शाळेच्या बसची, दुधाच्या टेम्पोची, कामावर निघालेल्या रिक्षांची. सकाळी सातची नाकाबंदी मी तरी कधी पाहिलेली नाही.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. नाकाबंदी कुठे आणि केव्हा, याचा कुणाला अंदाज येऊ नये. कधी घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर दुपारी चारला, कधी दहिसर नाक्यावर सकाळी सातला. प्रत्येक गंभीर अपघातात चालकाची चाचणी व्हावी, तो तोंडाने कितीही स्पष्ट बोलत असला तरी. सरकारी आकडेवारीत 2022 सालच्या देशभरातल्या अपघातांपैकी जेमतेम दोन-अडीच टक्के दारूच्या नावावर आहेत, सत्तर टक्क्यांहून जास्त ‘अतिवेग’ या रकान्यात. तो वेग कशामुळे आला, हे तपासलंच गेलं नाही तर रकाना बदलणार कसा? आणि 1 जानेवारीला वर्तमानपत्रांत इतके मद्यपी पकडले अशी बातमी येते, तेव्हा किती जणांना तपासलं तो आकडाही शेजारी छापून यायला हवा. शंभरात दहा सापडले की हजारात दहा, हे कळल्याशिवाय सुधारणा झाली की नाही ते आपल्याला कळणार नाही. हा आकडा पोलिसांकडे आपण नागरिकांनी मागायचा आहे, दरवर्षी, लेखी.

नमस्कार.