सय

(दृश्य: वाण्याचं दुकान. तारेत ओवलेल्या चिठ्ठ्या. त्यातली एक जवळून.)

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलंय: तूरडाळ २ किलो, पोहे, हिंगाची डबी. आणि सगळ्यात खाली, वेगळ्याच पेनानं, काडेपेटी. पोरगं दारातून निघता निघता आठवलं असणार!

हिला आपण यादी म्हणतो. मूळ शब्द फारसी, 'याद'. म्हणजे आठवणच. पेशवाईतले कारकून मोडीत टिपणं काढून ठेवत, त्यांनाही याद किंवा यादी म्हणायचे. आजही लग्न ठरलं की दोन्हीकडची वडीलधारी माणसं 'यादी करायला' बसतात. पाहुणी म्हणून आलेली याद अशी मराठीत कामालाच लागली.

(दृश्य: पहाट. विहाराच्या पायऱ्या. आतून वंदनेचा आवाज.)

घरची लेक मात्र वेगळी. तिचं नाव सय. संस्कृतात ती स्मृति होती. पालीत जोडाक्षर गळून सति झाली, प्राकृतात त-सुद्धा झिजला आणि सइ उरली, तीच आपली सय. (सई नावाच्या मुलींनी लगेच खूश होऊ नये, ती सई 'सखी'वरून आलेली.)

बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्मासति आहे. तिथे सति म्हणजे गेल्या दिवसांची आठवण एवढंच नाही. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, याचं आत्ताचं भान म्हणजेही सति. मराठीत येईपर्यंत सयीनं हे भान मागेच ठेवलं. तिच्याकडे राहिली ती हुरहुर. म्हणून माहेरची सय येते, विजेच्या बिलाची येत नाही. बिलाची आपली साधी आठवण होते.

गंमत पुढेच आहे. त्याच 'स्मृ' धातूला 'वि' लागला आणि 'विसरणे' तयार झालं. सय कवितेपुरती उरली, विसर मात्र रोज तोंडात. तुकोबांनीही देवाकडे मागताना आठवण मागितली नाही. 'हेचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा,' म्हणाले. पतंजलींची स्मृतीची व्याख्याही अशीच नकारातून येते: अनुभवलेलं चोरीला जाऊ न देणं. 'असंप्रमोष' हा त्यांचा शब्द, त्यात 'मुष्' म्हणजे चोरणे.

(दृश्य: पुन्हा दुकान. वाणी चिठ्ठीवर बरोबरच्या खुणा करतोय.)

डाळ झाली. पोहे झाले. हिंग झाला. पिशवी उचलून पोरगं रस्त्याला लागलंय.

काडेपेटीपुढे खूण नाही.