आईबाबांचा ताण कुणाला दिसतो?

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगा ज्येष्ठांनी भरल्यात, पण आज मला मागच्या रांगांशीही बोलायचंय.

आपल्या शिकागोतल्याच रश विद्यापीठात १९९४ पासून वयस्कर कॅथलिक नन आणि धर्मगुरूंचा अभ्यास सुरू आहे. ही मंडळी दरवर्षी तपासण्या करून घेतात आणि मृत्यूनंतर मेंदूही संशोधनाला देतात. २००३ मध्ये त्यातून दिसलं, की ज्यांचा जीव सतत टांगणीला असायचा, त्यांना अल्झायमरचा धोका निर्धास्त माणसांच्या साधारण दुप्पट होता. गंमत नव्हे, कोडं असं, की त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या नेहमीच्या खुणा काही जास्त सापडल्या नाहीत. म्हणजे ताणाची वाट वेगळी असावी. ताणात स्रवणारं कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढं राहिलं, तर आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला ते जाचतं, हा एक धागा आहे.

पण म्हणून घरी जाऊन "आई, काळजी करू नकोस, डोक्यावर परिणाम होईल" असं कृपा करून सुनावू नका. काळजी अशी सांगून थांबत नाही. ताण पेलायला माणसं लागतात. सांगलीत सकाळी दूधवाल्यापासून देवळातल्या मैत्रिणींपर्यंत दहा जणांशी बोलणाऱ्या बाईचं इथलं पहिलं बोलणं संध्याकाळी सहाला होतं, तेही "जेवलीस का?" एवढंच. गाडी चालवता येत नाही, फुटपाथ कोपऱ्यावर संपतो. कानाचं यंत्र डबीत, कारण घालून ऐकायचं कुणाचं? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणारी टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली; ऐकू न येणं आणि एकटेपणा दोन्ही त्यात आहेत.

मंडळाला माझी कळकळीची विनंती आहे: गणपती-दिवाळीपुरतं नको, दर आठवड्याला ज्येष्ठांना घरून आणायची-सोडायची पाळी लावा. भजन असो की पत्ते, मला दोन्ही चालतं.

आणि काका-काकू, तुम्हालाही सांगते. डॉक्टरांसमोर मुलगा दुभाषी म्हणून बसला, की "झोप लागत नाही, छातीत धडधडतं" हे तुम्ही गिळून टाकता. त्याला त्रास नको म्हणून. इथल्या बहुतेक हॉस्पिटलांना दुभाष्याची सोय मोफत करावी लागते, निदान फोनवर तरी. अपॉइंटमेंट घेतानाच "मराठी इंटरप्रिटर हवा" असं सांगा, आणि दहा मिनिटं मुलाला बाहेर बसायला सांगा.