इंजेक्शनच्या आधी बाईट बघा

मंडळी, फिलिंग कसं भरायचं ते मी आज सांगणार नाही, ते तुम्हाला येतंय. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं डेंटल कॉलेज आहे, तिथून बाहेर पडलेली मुलं काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, इतकं सुंदर लावतात की बघत राहावं. पण तोच पेशंट दोन दिवसांनी परत येतो, म्हणतो डॉक्टर दाढ टेकली की कळ येते, आणि मग आपण दात कुठं टेकतो ते रंगानं दाखवणारा कार्बन पेपर लावून इकडं थोडं तिकडं थोडं घासत बसतो. मला सांगायचंय ते एवढंच, की बाईट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात ते, सगळं काम झाल्यावर शेवटी बघायची गोष्ट नाहीच, ती इंजेक्शन द्यायच्या आधी बघायची.

का ते सांगतो. चांगल्या दाताला साधारण 20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग, एवढा फरकही कळतो. ही जाणीव येते मुळाभोवतीच्या लिगामेंटमधून, म्हणजे दाताला हाडाशी बांधणाऱ्या धाग्यांच्या पडद्यातून, जे स्वतःच जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं असतंय. भूल दिल्यावर ती जाणीव गेली, जबडा जड झाला, आणि आता तुम्ही विचारताय कसं लागतंय. तो म्हणणार बरं आहे की डॉक्टर, कारण अर्धं तोंड बधिर आहे आणि त्यात खानापूरची बस गाठायची घाई. त्याच्या त्या होकारावर तुम्ही त्याला सोडता, आणि रात्री भूल उतरली की प्रत्येक घासाला ती एकच दाढ सगळा भार घेते, लिगामेंट सुजतं, थंड पाणीही झोंबायला लागतं.

म्हणून पेशंट बसला की आधी खुर्ची सरळ करा, कारण आडवं झोपवलं की खालचा जबडा मागं सरकतो आणि तुम्हाला भलतीच बाईट दिसते. दात कापसानं कोरडे करा, ओल्या दातावर कुठलाही पेपर नीट उमटत नाही. मग मराठीत 'दात चावा' म्हणा नाहीतर कन्नडात 'कच्चरी' म्हणा, पण दोन्ही बाजूंना पेपर धरून चावायला लावा, एकाच बाजूला धरलात तर पेशंट नकळत जबडा त्या बाजूला नेतो. ज्या दातावर काम करणार त्याचे ठिपके कुठं आहेत त्याचा मोबाईलवर फोटो घ्या. फोटो बघूनच ठरतं कॅव्हिटीची कड कुठं घ्यायची, कड ठिपक्याच्या बरोबर खाली आली तर तिथूनच पुढं फिलिंग तुटायला सुरुवात होते.

आता शिमस्टॉक. 8 मायक्रॉनची ही पातळ पट्टी, काहीच महाग नाही, तरी बऱ्याच क्लिनिकमध्ये मला ती दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. काम सुरू करायच्या आधी शेजारच्या दोन दातांत आणि तोंडाच्या दुसऱ्या बाजूच्या एका जोडीत पट्टी धरून ओढून बघा आणि कुठं अडकते ते केस पेपरवर लिहा. फिलिंग झाल्यावर त्याच जागी परत ओढा. आधी अडकत होती आणि आता सुटतेय म्हणजे तुमचं फिलिंग उंच आहे, मग पेशंट काहीही म्हणू दे. रंगाचा डाग फसवतो हो, 200 मायक्रॉनचा जाड निळा पेपर लावलात तर जिथं दात टेकतच नाहीत तिथंही निळं होतं. पातळ पेपर घ्या, 40 किंवा त्याहून कमी. आणि मोठा गडद डाग म्हणजे जास्त भार असं समजू नका. कॅपवर बघा, मधे पांढरं आणि कडेनं निळं कडं उमटलंय ना, तिथं मधला रंग दाबानं पिळून बाहेर गेलाय, खरा भार तिथं आहे. झिर्कोनियाच्या गुळगुळीत कॅपवर काहीच उमटत नसेल तर पेपरला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात लावा.

नुसतं टकटक करून भागत नाही. आधी लाल पेपरवर डावीउजवीकडं आणि पुढं घासायला लावायचं, मग त्याच्यावरच निळ्यानं टकटक. मागच्या दाढांवर निळं ठेवायचं, आणि निळ्याच्या बाहेर जे लाल लांबट ओरखडे दिसतात, विशेषतः जबडा ज्या बाजूला जातोय त्याच्या उलट बाजूला, ते काढायचे. वरच्या दाढेचा टाळूकडचा कस्प, म्हणजे उंचवटा, खालच्या दाढेच्या फॉशात, म्हणजे खळग्यात, खलबत्त्यासारखा बसतो, त्याला हलायला जागा हवी, उतारावर अडकला की तो दात आडवा ढकलला जातो.

आपल्या भागातली गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण पुस्तकात ती नाही. निपाणी, चिकोडीकडून येणारी पन्नाशी-साठीची माणसं, वर्षानुवर्षं सुपारी चघळलेली, दाढा सपाट झालेल्या. अशा तोंडात तुम्ही कॉलेजात शिकवलेले उंच कस्प आणि खोल खाचा कोरून सुंदर दाढ केलीत तर तो दात एकटाच सगळ्यांशी भांडणार. शेजारच्या दाढा बघा आणि तेवढीच सपाट करा. आणि उसाच्या दिवसात पुढचा तुटलेला दात काँपोझिटनं वाढवला असेल तर दात कडेला कड लावूनही तपासा, कारण तो माणूस ऊस सोलणार पुढच्या दातांनीच.

उलटी चूकही होते. उंच लागू नये म्हणून मुद्दाम खोल ठेवतात, तक्रार येत नाही म्हणून बरं वाटतं. काही महिन्यांनी त्याच्यावर टेकणारा दुसऱ्या जबड्यातला दात त्या मोकळ्या जागेत सरकतो आणि बाजूला घासायला लागतो. शेवटच्या दाढेला कॅप करताना अजून जपा, ती कापली की कधी कधी जबडा स्वतःच वर बसतो आणि केलेली जागा डोळ्यादेखत नाहीशी होते, म्हणून शिमस्टॉक तिथंही, कापायच्या आधी आणि कापल्यावर, आणि पेशंटला ही शक्यता आधीच सांगून ठेवायची.

मागून कुणीतरी इम्प्लांटचं, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताचं, विचारलं. तिथं लिगामेंटच नाही, शेजारचा खरा दात जोरात चावल्यावर थोडा खाली दबतो, इम्प्लांट जवळजवळ नाही. म्हणून हलकं चावल्यावर पट्टी सुटली पाहिजे आणि जोरात चावल्यावरच धरली पाहिजे. हे दर वेळच्या तपासणीला परत बघा, कारण खरे दात पुढंही सरकत आणि झिजत राहतात, इम्प्लांट तिथंच राहतो.